युद्धकाळातल्या ब्रिटनचे रंगीत फोटो इतके कमी का?

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटिश सरकारने घरोघरी विषारी वायूपासून बचावाचे मुखवटे वाटले. मोठ्यांचे काळे, रबरी, बघूनच धडकी भरावी असे. अगदी लहान मुलांसाठी मात्र वेगळा मुखवटा होता. त्याचं रबर लालभडक, पुढचा डबा निळा आणि डोळ्यांपुढे दोन गोल काचा. पोरं घाबरू नयेत म्हणून त्याला ‘मिकी माऊस’ म्हणायचे. या मुखवट्याचे त्या काळातले फोटो शोधायला गेलात तर बहुतेक ठिकाणी तो करडाच दिसेल. म्हणजे ज्या रंगासाठी ती वस्तू तशी बनवली, नेमका तोच फोटोतून गायब.

हे एकट्या मुखवट्याचं झालं नाही. युद्धकाळातल्या ब्रिटनचा रोजचा कारभार बराचसा रंगांवर चालायचा. रेशनची पुस्तिका मोठ्यांना मळकट पिवळी, शाळकरी मुलांना निळी आणि पाच वर्षांखालच्या मुलांना व गरोदर बायकांना हिरवी. दुकानदाराने पुस्तिका लांबून बघितली तरी समोरच्याला काय जास्तीचं द्यायचं हे त्याला कळायचं. रस्त्यातल्या लाल टपालपेट्यांच्या माथ्यावर पिवळट-हिरवा लेप दिलेला असायचा. हवेत विषारी वायू आला की त्या लेपाचा रंग बदलावा, अशी योजना होती. जखमी सैनिक इस्पितळातून बाहेर फिरायला निघाला तर त्याच्या अंगावर निळा सूट, पांढरा शर्ट आणि लाल टाय. शेतावर राबायला गेलेल्या तरुणींचं पथक हिरव्या स्वेटरमध्ये. लंडनमध्ये बॉम्ब पडून मोकळ्या झालेल्या जागांवर तर एक गुलाबी-जांभळ्या फुलांचं रानटी झुडूप इतकं माजलं की लोक त्याला ‘बॉम्बवीड’ म्हणू लागले.

आणि आपल्या मनात त्या काळाचं चित्र काय, तर धूर, राख, करडे कोट आणि करडं आभाळ. कारण आपण पाहिलेले जवळजवळ सगळे फोटो कृष्णधवल आहेत. रंगीत फोटो आहेत, पण मोजके. ते मोजके का, आणि जे आहेत ते नेमके कशाचे, या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत.

रंगीत फोटोचं तंत्रच तेव्हा नव्हतं, हा समज आधी काढून टाकू. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंनी ‘ऑटोक्रोम’ नावाच्या रंगीत काचा 1907 मध्ये बाजारात आणल्या होत्या. बटाट्याच्या स्टार्चचे बारीक कण तीन रंगांत रंगवायचे, काचेवर पसरायचे आणि त्यांच्या आडून फोटो काढायचा, अशी ती युक्ती. 1930 च्या दशकात ब्रिटनमध्ये ‘ड्युफेकलर’ नावाची फिल्म मिळायची. तिच्यावर लाल, हिरव्या, निळ्या रंगांची अतिशय बारीक जाळी छापलेली असे. धूपछाँव लुगड्यात आडवे-उभे धागे वेगळ्या रंगांचे असतात आणि लांबून तिसराच रंग दिसतो, तसंच हे. जवळून पाहिलं तर जाळी, लांबून पाहिलं तर रंगीत चित्र. अडचण अशी की जाळी बराचसा उजेड खाऊन टाकते, त्यामुळे चित्र काळवंडतं.

मग 1935 मध्ये अमेरिकेच्या कोडॅक कंपनीने ‘कोडॅक्रोम’ आणली. आधी सिनेमाच्या अरुंद फिल्मसाठी आणि पुढच्याच वर्षी साध्या कॅमेऱ्यासाठी. ही शोधली लिओपोल्ड मॅनेस आणि लिओपोल्ड गॉडाउस्की यांनी. दोघेही पेशाने वादक, आणि रसायनांचा नाद लागलेले.

कोडॅक्रोम कशी चालते हे थोडं थांबून समजून घ्यायला हवं, कारण पुढची अर्धी गोष्ट त्यावर उभी आहे. या फिल्ममध्ये मुळात रंग नसतोच. एकावर एक तीन कृष्णधवल थर असतात. एक फक्त निळा प्रकाश टिपतो, दुसरा हिरवा, तिसरा लाल. फोटो काढल्यावर फिल्म धुताना आधी तिन्ही थरांत नेहमीसारखी निगेटिव्ह तयार होते. त्यानंतर प्रत्येक थरातला उरलेला, प्रकाश न लागलेला भाग आळीपाळीने डेव्हलप करतात आणि त्याच वेळी त्यात रंग भरतात. लाल टिपणाऱ्या थरात निळसर-हिरवा, निळा टिपणाऱ्यात पिवळा, हिरवा टिपणाऱ्यात किरमिजी. शेवटी, कृष्णधवल चित्र जिचं बनलेलं असतं ती सगळी चांदी धुऊन काढतात आणि फिल्मवर फक्त रंग उरतात. उजेडासमोर धरली की खरं चित्र दिसतं.

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, ही फिल्म घरच्या डार्करूममध्ये धुता यायची नाही. टप्पे इतके आणि रसायनं इतकी नाजूक की ती कोडॅकच्या प्रयोगशाळेतच पाठवावी लागे. दुसरी, निगेटिव्ह उरतच नाही. कॅमेऱ्यात घातलेला तुकडा धुऊन परत येतो तोच फोटो. त्याची जुळी प्रत कुठे नसते. हरवला, फाटला, कुणी परत दिला नाही, की संपलं. कृष्णधवल फोटोच्या एका निगेटिव्हवरून हवे तेवढे फोटो निघतात, तशी सोय इथे नाही. तिसरी गोष्ट सुखाची आहे. रंग भरणारी रसायनं फिल्मच्या अंगात शिल्लक राहत नाहीत, त्यामुळे अंधारात ठेवलेली कोडॅक्रोम दशकानुदशकं जशीच्या तशी राहते. 1943 सालचा लाल आज ताजा दिसतो तो यामुळे.

आता खरी गोम. ही फिल्म फार मंद होती. फिल्म उजेडाला किती चटकन दाद देते याचा एक आकडा असतो, हल्ली फोनच्या कॅमेऱ्यातही तो आयएसओ या नावाने दिसतो. सुरुवातीच्या कोडॅक्रोमचा आकडा 8 ते 10 च्या आसपास होता. त्याच काळात वृत्तपत्रांचे फोटोग्राफर वापरत त्या वेगवान कृष्णधवल फिल्म साधारण दहापट तेज होत्या. याचा व्यवहारातला अर्थ असा: लख्ख उन्हात सेकंदाचा पन्नासावा-साठावा भाग शटर उघडं ठेवून काम भागायचं. ढग आले की दहावा-विसावा भाग. तेवढ्यात चालता माणूस पुसट होतो. आणि देश कोणता, तर इंग्लंड, जिथे ढग हे रोजचं हवामान. घरात, भुयारी स्टेशनात, रात्री फोटो काढायचा तर मोठे दिवे लावा नाहीतर फ्लॅशचे बल्ब जाळा, आणि समोरच्याला ‘हलू नका’ म्हणून सांगा.

त्यात फिल्म मिळायची मारामार. कोडॅक्रोम अमेरिकेतून यायची. ती घ्यायला डॉलर लागत आणि ब्रिटनकडे डॉलरची चणचण होती. वाटेत अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्या. जहाजात जागा गहू, तेल, दारूगोळ्याला द्यायची की फोटोच्या रोलला, याचं उत्तर सांगायला नको. ब्रिटनचा स्वतःचा ‘व्हायव्हेक्स’ नावाचा रंगीत छपाईचा उत्तम कारखाना लंडनच्या विल्सडेन भागात होता. युद्ध सुरू होताच तो बंद पडला तो पुन्हा उघडलाच नाही.

समजा फिल्म मिळाली, फोटो निघाला, धुऊनही आला. छापणार कुठे? वर्तमानपत्रं कृष्णधवल होती आणि त्यांच्या कागदावरही नियंत्रण आलं होतं. भली जाडजूड पत्रं चार पानांवर आली. रंगीत फोटो छापायचा तर रंगागणिक वेगळा ठसा करून कागद तितक्या वेळा यंत्रातून काढावा लागे. अशा दिवसांत एखाद्या संपादकाने रंगीत फिल्मवर पैसे का घालावेत? सामान्य माणसाचंही तेच. शिवाय सप्टेंबर 1939 मध्येच सरकारने आदेश काढून लष्करी ठाणी आणि मोक्याच्या जागांचे विनापरवाना फोटो काढायला मनाई केली होती. भर रस्त्यात कॅमेरा काढला तर पोलीस हटकण्याची शक्यता मोठी.

अशा सगळ्या कात्रीतून जे रंगीत फोटो निघाले, त्यातले बरेचसे सरकारचे आहेत. लंडनच्या ब्लूम्सबरी भागात सेनेट हाउस नावाची उंच पांढरी इमारत आहे. तिथे ब्रिटनच्या माहिती मंत्रालयाचं ठाणं होतं. काय छापायचं, काय दाबायचं, लोकांचा धीर कसा टिकवायचा आणि परदेशात ब्रिटनची बाजू कशी मांडायची, हे त्याचं काम. या मंत्रालयाने थोडी कोडॅक्रोम मिळवली आणि आपल्या निवडक फोटोग्राफरांच्या हाती दिली. 1942 ते 1945 या काळात त्यांनी सुमारे 3,000 रंगीत फोटो काढले. 1949 मध्ये इंपीरियल वॉर म्युझियमकडे हा संग्रह आला तेव्हा त्यातले जेमतेम निम्मे उरले होते. सहा वर्षं चाललेल्या, साऱ्या देशाला ढवळून काढणाऱ्या युद्धाचा अधिकृत रंगीत ऐवज तो एवढा. त्याच म्युझियममधले कृष्णधवल फोटो लाखांनी मोजावे लागतात.

त्या वर्षांकडे पुन्हा बघा: 1942 ते 1945. लंडनवर आणि इतर शहरांवर झालेली मोठी बॉम्बफेक, जिला ‘ब्लिट्झ’ म्हणतात, ती सुरू झाली 7 सप्टेंबर 1940 ला आणि मे 1941 मध्ये ओसरली. या हल्ल्यांत देशभरात 40,000 हून जास्त नागरिक मेले. म्हणजे ब्रिटिश नागरिकांच्या दृष्टीने युद्धातला सगळ्यात भयंकर काळ सरला, आणि मग सरकारची रंगीत फिल्म आली. तोवर अमेरिका युद्धात उतरली होती, पारडं हळूहळू झुकू लागलं होतं आणि दाखवण्याजोगं काहीतरी हाती होतं. हा संग्रह बघताना सारखं ऊन, स्वच्छ गणवेश आणि शांत चेहरे दिसतात, त्याचं एक कारण फिल्मचा मंदपणा आणि दुसरं हे. मंत्रालयाला जे दाखवायचं होतं आणि फिल्मला जे दिसत होतं, ते योगायोगाने एकच निघालं: उन्हात स्थिर उभी असलेली, कामाला लागलेली माणसं.

एक उदाहरण जवळून पाहू. 27 मे 1943 रोजी राजे सहावे जॉर्ज लिंकनशायरमधल्या स्कॅम्प्टन विमानतळावर गेले. तिथल्या 617 स्क्वॉड्रनने 16-17 मेच्या रात्री जर्मनीतल्या धरणांवर उसळत जाणारे बॉम्ब टाकले होते. राजे वैमानिकांशी बोलतायत, विंग कमांडर गाय गिब्सन ओळख करून देतोय, असे या भेटीचे रंगीत फोटो आहेत. हवाई दलाच्या गणवेशाचा तो राखाडी-निळा रंग खास आहे. कृष्णधवल फोटोत तो आणि पायदळाची खाकी जवळपास सारखीच दिसते. फोटो देखणा आहे. पण त्या रात्री 19 विमानं गेली होती, त्यातली 8 परतली नाहीत. 133 जणांपैकी 53 मेले होते. त्या घटनेला पंधरवडाही उलटला नव्हता. चौकटीत हे कुठेच नाही, आणि ते येऊ नये अशीच सोय होती. गिब्सनही सप्टेंबर 1944 मध्ये विमान कोसळून गेला, वयाच्या 26 व्या वर्षी.

याउलट एप्रिल 1945 मधला राजकन्या एलिझाबेथचा फोटो. पुढे राणी झालेली ही मुलगी तेव्हा 19 ची होत होती आणि बायकांच्या लष्करी सेवेत गाडी चालवण्याचं, दुरुस्तीचं शिक्षण घेत होती. खाकी गणवेश, टोपी, मागे वैद्यकीय पथकाची लॉरी. फोटो अर्थातच ठरवून काढलेला. ‘राजघराणंही हातभार लावतंय’ हे सांगायला याहून सोपी गोष्ट नाही. पण रंगामुळे एक गोष्ट अशी होते जी मंत्रालयाच्या हिशेबात नसावी: ती इतिहासातली व्यक्ती न वाटता समोर उभी असलेली मुलगी वाटते. रंगीत फोटोची ही ताकद आणि हाच धोका. इतकं खरं दिसतं की ते कुणीतरी निवडून, उभं करून दाखवलंय हे आपण विसरतो.

कारखान्यांचे फोटो मला या संग्रहात सगळ्यात आवडतात. चेशायरमधल्या वुडफर्डला ॲव्ह्रो कंपनीच्या शेडमध्ये लँकेस्टर बॉम्बफेकी विमानांची जुळणी चालायची. तिथले 1943 चे रंगीत फोटो आहेत. रांगेने उभी, अर्धवट झालेली विमानं. विमान जागचं हलत नाही, त्यामुळे शेडमधल्या अपुऱ्या उजेडातही शटर हवं तेवढं उघडं ठेवता येतं. तरुणी कामाला असलेल्या विमानविरोधी तोफांच्या तळांवरचे, डिसेंबर 1942 चे फोटोही असेच नीट मांडलेले. या चित्रांत कुठेतरी एक लाल ठिपका हटकून सापडतो: रुमाल, ओठ, नाहीतर एखादा पंखा. कोडॅक्रोमचा लाल फार सुंदर यायचा आणि फोटोग्राफरांना ते पक्कं ठाऊक होतं. तो लाल दर वेळी आपसूक चौकटीत आला असेल, असं मला वाटत नाही.

मग ब्लिट्झचं रंगीत काही नाहीच का? आहे, पण ते सरकारी नाही. ‘लाइफ’ या अमेरिकन साप्ताहिकाचा फोटोग्राफर विल्यम व्हँडिव्हर्ट तेव्हा लंडनमध्ये होता. अमेरिकेतून आलेली फिल्म त्याच्याकडे असणं स्वाभाविक. त्याने पडक्या घरांचे, ढिगाऱ्यांचे रंगीत फोटो काढले. दुसरी बाजू हौशी लोकांची. रोझी न्यूमन नावाच्या सुखवस्तू घरातल्या, मोठ्या ओळखीपाळखी असलेल्या बाई 16 मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने रंगीत चित्रण करायच्या. युद्धकाळातल्या ब्रिटनचं त्यांचं चित्रण आज इंपीरियल वॉर म्युझियममध्येच आहे. रंगीत फिल्म आणि चित्रणाची परवानगी, दोन्ही ज्याला जमेल असा हौशी माणूस साधा नसणार, हे उघड आहे. कामगारवस्तीतल्या बाईने रेशनच्या रांगेत उभं राहून काढलेला रंगीत फोटो आपल्याला सहसा मिळत नाही, तो यामुळे.

जाता जाता शत्रूपक्षाकडेही बघायला हरकत नाही. जर्मनीकडे 1936 पासून ‘ॲग्फाकलर’ ही स्वतःची फिल्म होती, बाहेरून काही आणायला नको. त्यामुळे ‘सिग्नल’ या त्यांच्या प्रचारी पाक्षिकात रंगीत पानं असायची. अमेरिकेत तर सरकारी खात्यांनी शेतकरी, कामगार, कारखाने यांचे रंगीत फोटो काढून घेतले, त्यातले सुमारे 1,600 आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. कारखाना ज्याच्या देशात, रंग त्याच्याकडे.

आता आजचा घोळ. समाजमाध्यमांवर ‘महायुद्धातले दुर्मीळ रंगीत फोटो’ म्हणून जे फिरतं त्यातलं बरंचसं मुळात कृष्णधवल असून अलीकडे संगणकावर रंगवलेलं असतं. रंगवण्यात गैर काही नाही, पण ते त्या काळाचे रंग नसतात. कृष्णधवल फिल्म फक्त उजेड किती हे नोंदवते. लाल रुमाल आणि हिरवा रुमाल तिच्यावर एकाच छटेचे करडे उमटू शकतात. त्या करड्यातून मूळ रंग परत काढण्याची कुठलीही युक्ती नाही, कारण ती माहिती फिल्मवर गेलेलीच नाही. संगणक अंदाज बांधतो. कातडी कातडीसारखी, गवत गवतासारखं करतो, आणि ज्या कपड्याचं काय करावं हे कळत नाही त्याला मातकट नाहीतर निळसर करून मोकळा होतो. सुरुवातीला सांगितलेला मुखवटा त्याच्यापुढे टाकला तर तो लाल-निळा होईल याची खात्री कुणी द्यावी?

ओळखायचं कसं? आधी प्रसंग बघा. 1940 ची रात्र, आगीचे लोळ, धावणारी माणसं आणि सगळं स्वच्छ, रंगीत असेल तर शंका घ्याच. त्या फिल्मला ते झेपण्यासारखं नव्हतं. मग रंग बघा. खऱ्या कोडॅक्रोममध्ये सावल्या गडद, जवळजवळ काळ्या असतात आणि कोपऱ्यातल्या फालतू वस्तूंनाही आपापला रंग असतो: दाराचा, पाटीचा, कुणाच्या मोज्याचा. रंगवलेल्या फोटोत चेहरे नीट असतात, पण मागची गर्दी एकाच मातकट रंगात बुडालेली असते. हातांची बोटं किंवा केसांच्या कडा या ठिकाणी रंग सांडलेला दिसतो. सगळ्यात भरवशाचं म्हणजे क्रमांक. इंपीरियल वॉर म्युझियममधल्या त्या सरकारी रंगीत संग्रहाचे क्रमांक ‘टीआर’ या अक्षरांनी सुरू होतात. म्युझियमच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला की मूळ नोंद समोर येते. फोटो पुढे ढकलणाऱ्याला कुठला, कधीचा, कोणत्या संग्रहातला हे सांगता येत नसेल तर तो रंगवलेला समजून चालावं, नुकसान काही नाही.

कोडॅक्रोम बनवणं कोडॅकने 2009 मध्ये थांबवलं. ती धुणारी जगातली शेवटची प्रयोगशाळा अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात पार्सन्स या छोट्या गावी होती. तिथे 2010 च्या अखेरीस शेवटचे रोल घेतले गेले. साठ-सत्तरच्या दशकांत अमेरिकेला गेलेल्या मराठी कुटुंबांच्या कपाटांतही पुठ्ठ्याच्या चौकटीतल्या स्लाइडचे डबे निघतात. चौकटीवर कोडॅक्रोम असं छापलेलं असेल तर त्या कोरड्या, अंधाऱ्या, थंड जागी ठेवा आणि स्कॅन करून घ्या. हौसेने पुन्हापुन्हा प्रोजेक्टरवर मात्र लावू नका. अंधारात ही फिल्म अतिशय टिकाऊ असली तरी प्रोजेक्टरच्या प्रखर दिव्यापुढे तिचे रंग इतर फिल्मपेक्षा लवकर विटतात. आणि डब्यात एखादा न धुतलेला रोल सापडला, तर त्यातून चित्र अजूनही निघू शकतं, फक्त कृष्णधवल. रंग भरणारी ती रसायनप्रक्रिया आता कुठल्याही प्रयोगशाळेत चालत नाही.